स्वस्तिक नाझींचे नव्हे

संपादक महोदय,

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दिवाळीत दारासमोर स्वस्तिक काढावे की नाही, असा प्रश्न पडतो, याचे वाईट वाटते.

१८७०च्या दशकात जर्मन उत्खननकर्ते हाइनरिश श्लीमान यांना ट्रॉय या प्राचीन नगरीच्या उत्खननात स्वस्तिक कोरलेल्या वस्तू मोठ्या संख्येने सापडल्या. युरोपातल्या काही अभ्यासकांनी या चिन्हाचा संबंध ‘आर्य’ वंशाच्या कल्पनेशी जोडला. जर्मनीतल्या ज्यूद्वेष्ट्या संघटनांना ते आयतेच मिळाले. १९२० मध्ये नाझी पक्षाने ते झेंड्यावर घेतले, १९३५ मध्ये तोच जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला. त्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली.

आणि गंमत नव्हे, शोकांतिका अशी की इस्रायलमधील एन गेदीच्या प्राचीन सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, फरशीवरही स्वस्तिक आहे! जैनांचे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे ते लांछन, म्हणजे ओळखचिन्ह; बौद्धांनाही ते पूज्य. एवढा मोठा वारसा एका पक्षाने नासवला.

तरीही छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या घरच्यांना ते पाहून धस्स होते, हे खरेच आहे. ‘आमचे चिन्ह पवित्र आहे’ एवढे म्हणून भागणार नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हांच्या प्रदर्शनावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध व जैनांच्या धार्मिक वापराला स्पष्ट सूट दिली. इतरत्रही असाच कायदा व्हावा, आणि त्यासाठी परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी तिथल्या ज्यू संस्थांशी आपणहून बोलावे.

– एक वाचक, पुणे