चुका राहू देऊ का, सर?

दारव्हा

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

आईची साखर आटोक्यात आहे आणि माझ्या गुडघ्याचे रडगाणे जुनेच आहे, तेव्हा प्रकृतीचा विषय इथेच संपवतो. पत्राला कारण माझी विद्यार्थिनी पल्लवी. जिने ‘अंकल’ म्हटल्यापासून तू केस काळे करू लागलास, तीच.

तिने शहरातल्या एका संस्थेत प्रवेशासाठी इंग्रजीत निबंध पाठवला होता. ‘यंत्राने लिहिलेला असण्याची दाट शक्यता’ असा शेरा मारून त्यांनी तो परत केला. तो वाचून मला कोणाची आठवण झाली, हे तुला सांगायला नको. तुझ्या निबंधावरचा ‘कोठून उतरवला?’ हा तांबडा शेरा मी अजून विसरलेलो नाही, मग तू कसा विसरशील?

निबंध माझ्या डोळ्यांदेखत झाला होता. आधी मोबाइलवर मराठीत बोलून मुद्दे काढायचे, मग गूगल डॉक्समध्ये आपल्याला येईल त्या इंग्रजीत लिहायचे, आणि ग्रामरली या इंग्रजी व्याकरण तपासणाऱ्या साधनाने चूक दाखवली तर ती का चूक आहे हे वहीत लिहिल्याशिवाय दुरुस्ती स्वीकारायची नाही, अशी आमची रीत आहे. तिचे मूळ वाक्य होते, ‘माय फादर सेल कॉटन बिफोर दिवाळी बिकॉज शॉपकीपर वॉन्ट मनी फॉर सीड्स.’ ‘सेल’चे ‘सेल्स’ झाले, ‘वॉन्ट’चे ‘वॉन्ट्स’ झाले आणि शॉपकीपरच्या आधी ‘द’ आला. मराठीला उपपदांची सवयच नसल्यामुळे आपल्या पोरांचे घोडे नेमके तिथेच अडते. एकदा तिने अख्खा परिच्छेद नव्याने लिहून देणारे बटणही दाबून पाहिले, तेव्हा कापूस आणि उधारी जाऊन तिथे ‘अ‍ॅग्रेरियन डिस्ट्रेस’ (म्हणे शेतीवरचे संकट) अवतरले. ‘सर, यात बाबा कुठंच नाहीत,’ असे म्हणून तिने ते पुसून टाकले. एवढी जाण आपल्या एम.ए.च्या वर्गात कितीजणांना होती? (तुला होती, हे मान्य, फुगू नकोस.)

आता यातली गंमत ऐक. यंत्राचे लेखन ओळखणारी ही साधने मुख्यतः पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे मोजतात. ज्याच्याजवळ शब्द मोजके आहेत आणि जो साधी, सरळ वाक्ये लिहितो, तो त्यांना यंत्रासारखा वाटतो. 2023 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे 91 निबंध अशा सात साधनांना दिले, तर माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरले. त्याच निबंधांतली शब्दयोजना चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतल्यावर हा आकडा 12 टक्क्यांच्या आसपास उतरला. म्हणजे पल्लवीने खरोखरच यंत्राकडून लिहून घेतले असते, तर कदाचित ती सुटली असती! चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असले साधन अचूकता कमी म्हणून 2023 च्या जुलैतच मागे घेतले, तरी अशाच एखाद्या साधनावर आमच्या पोरीचा निकाल लागतो.

‘पोरांच्या हाती यंत्र देऊ नकोस, पेन्सिल दे,’ हा तुझा हेका मला पाठ आहे, आणि या बातमीने तुला चेव येणार हेही ठाऊक आहे. पण पंचाहत्तर पोरांच्या वर्गात प्रत्येकाच्या वहीतला प्रत्येक ‘द’ तपासायला तू पुण्याहून येणार आहेस काय? मोबाइल ते काम रात्री वीज नसतानाही करतो. त्याने निबंध लिहून द्यावा, असे मी कधीच म्हटले नव्हते. उगाच तसे सांगत फिरू नकोस.

मला खरी चिंता वेगळीच आहे. परवा पल्लवीने विचारले, ‘सर, पुढच्या वेळी दोन-चार चुका मुद्दाम राहू देऊ का?’ जी मुलगी एकेका क्रियापदाचा ‘एस’ वहीत लिहून शिकली, तिला आता तो खोडायला सांगू? मी ‘नाही’ म्हणालो खरा, पण तिचा चेहरा काही पटल्यासारखा दिसला नाही.

वहिनींची बदली झाली का? ओमला दहावीबद्दल आशीर्वाद, आणि नव्या घराचा पत्ता एकदाचा कळव.

गूगल डॉक्समध्ये तिच्या निबंधाचा सगळा आवृत्ती-इतिहास आहे. कोणते वाक्य कधी लिहिले आणि कधी खोडले, ते त्यात दिसते. तो जोडून, तिला समोर बसवून दहा मिनिटे प्रश्न विचारावेत, अशी विनंती करणारे पत्र मी त्या संस्थेला लिहिले आहे. त्याची प्रत सोबत आहे. तुझ्या विभागातही असे अर्ज येतात, तेव्हा कोणत्या ओळीने समोरचा चिडेल हे तुला बरोबर कळेल. ती ओळ काप आणि सोमवारच्या आत परत पाठव.

तुझा,
दिगंबर