आण्णा, त्या सक्शनच्या जॉइंटबद्दल मनापासून थँक्यू

आण्णा नमस्कार,

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवेल, त्याला म्हणावं सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "चहा घेणार का" म्हणून विषय उडवता, म्हणून म्हटलं सगळ्यांच्या देखतच लिहावं, इथं तरी चहा आडवा येणार नाही.

बाकीच्यांसाठी सांगतो, माझी 2002 ची होंडा सिटी व्हीटेक, 1.5 लिटर, कंपनीतनं येतानाच 106 हॉर्सपॉवर, या गाडीचं वेड काय असतं ते ज्याला माहिती त्याला माहिती. इंजिन तेल खायला लागलं म्हणून उतरवलं. बोअर केलं, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक उद्यमनगरातल्या वर्कशॉपात पॉइंट पंचवीस मिलीमीटरला ग्राइंड करून आणला, बेअरिंगं नवी, हेडचं काम, एक्झॉस्टला हेडर. मशीनचं काम सोडलं तर जोडणी सगळी मी आणि मित्रानं घरामागच्या शेडमध्ये केली, चार महिने शनिवार-रविवार. खर्च किती ते लिहीत नाही, बायको पण वाचते हे.

तर इंजिन पहिल्या सेल्फला उठलं, आवाज एकदम गोड, आम्ही नाचलो. आणि पंधरा मिनिटांनी गरम झाल्यावर नवीन लावलेल्या ऑइल प्रेशर गेजची सुई पार तळाला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र बंद, त्यामुळं आधी मनाची समजूत घातली की गेजच खोटं बोलतंय. पण व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची सिस्टीम, ती पण लागेना. वरच्या आरपीएमला जो दणका बसतो तोच गायब, कारण तिथं रॉकरची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीची, पिन तेलाच्या प्रेशरनंच सरकते, प्रेशरच नाही तर ती सरकणार कशी.

मग सल्ले सुरू. एक म्हणाला घट्ट तेल टाक, 20डब्ल्यू-50, सुई आपोआप वर येईल. दुसरा म्हणाला क्रँकवाल्यानं चुना लावलाय, बेअरिंग ढिली आहेत, इंजिन परत उतरव. मी दुसऱ्याचं ऐकलं आणि त्या क्रँकवाल्या माणसाला फोन करून नको नको ते बोललो, त्याच्याबद्दल पुढं लिहितो. शनिवारी इंजिन उतरवायचंच म्हणून चेन-ब्लॉक पण आणून ठेवला होता.

आणि शुक्रवारी संध्याकाळी मित्र तुम्हाला गाडीवर मागं बसवून घेऊन आला. खरं सांगू का आण्णा, राग मानू नका, पण तुम्हाला बघून मला वाटलं होतं आता हे काय सांगणार. तुम्ही पण आल्या आल्या सांगितलंत की बाबा मी व्हीटेक-बिटेक कधी उघडलेलं नाही, माझा जन्म गेला ऑइल इंजिनात आणि उसाच्या विहिरींवरच्या पंपात.

पहिलं काय केलंत, तर माझ्या त्या दिमाखदार गेजचा सेंडर, म्हणजे ब्लॉकमध्ये बसतो तो सेन्सर, काढलात. आट्यांवर मी टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली होती. एका वायरीचा सेंडर, त्याला अर्थिंग मिळतं ते आट्यांमधनंच, टेप मारली की तो वाटेल ते दाखवणार. मग खिशातली थ्रेड गेजची पट्टी काढून अडॅप्टरला लावून दाखवलीत, होंडाच्या ब्लॉकमध्ये इंचाला 28 आटे, माझा अडॅप्टर 27 चा. दोन-तीन आटे गुपचूप जातात आणि मग जाम होतात, आणि मी पान्यानं अजून दाबत होतो. अजून अर्धा फेरा मारला असता तर ब्लॉकच गेला असता हो.

तुमचं साधं मेकॅनिकल गेज लावलं तरी प्रेशर कमीच निघालं. गरम इंजिन, आयडलला 0.3 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि 3000 आरपीएमला 1.4. होंडाच्या मॅन्युअलप्रमाणं 80 डिग्रीला आयडलला कमीत कमी 0.7 आणि 3000 ला साडेतीनच्या आसपास तरी पाहिजे. मी म्हटलं बघा, बेअरिंगच. तुम्ही काहीच बोलला नाहीत, एवढंच म्हणालात, "सकाळी येतो, तोवर चालू करू नको."

सकाळी थंड इंजिनावर परत सेल्फ मारला. थंड तेल घट्ट असतं, बेअरिंग ढिली असती तर निदान तेव्हा तरी सुई टणकन वर गेली असती. ती आली रेंगाळत, दीड-पावणेदोनला जाऊन थांबली, आणि वर थरथरत होती. तुम्ही बोट ठेवलंत काचेवर, "ही थरथर बघ. पंप हवा धरतोय."

विहिरीच्या पंपाची सक्शन पाइप कुठं जॉइंटला फुटली की तो पाण्याऐवजी हवाच ओढतो आणि शेतकरी जॉइंटवर शेण थापतो, हे मी लहानपणी आमच्याच मळ्यात बघितलंय. पण माझ्या इंजिनातला ऑइल पंप पण खालचं तेल नळीनंच ओढतो, तिच्या जॉइंटला पण तेच होऊ शकतं हे डोक्यातच आलं नाही. आणि तिथं शेण थापायचं कसं? तर तुम्ही पाऊण लिटर तेल जास्तीचं ओतायला लावलंत, गिअरबॉक्सच्या बाजूनं गाडी जॅकवर उचललीत, म्हणजे तेल सगळं टायमिंग बेल्टच्या बाजूला, जिथं पंप आहे तिकडं गोळा होणार आणि तो जॉइंट तेलात बुडणार. मिनिटभरच चालवायचं, रेस द्यायची नाही. आदल्या दिवशी आयडलला 0.3 वर मेलेली सुई दोनच्या वर जाऊन उभी राहिली, आणि थरथर गायब! इंजिन थंड होतं हे मान्य, पण पाच मिनिटांपूर्वी त्याच थंड इंजिनाला रेस देऊन पण एवढं प्रेशर आलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आण्णा, आत्ता लिहिताना पण येतोय.

मग तेल काढलं, हेडर सोडला, चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, खाली घेतला. पंप जिथनं तेल ओढतो त्या स्ट्रेनरच्या जाळीवर, चेंबर चिकटवायला मी लावलेल्या सिलिकॉनचे गांडुळासारखे तुकडे, आणि त्याच्या नळीचा पंपाकडचा एक नट तर बोटानं फिरला. फ्लँज सोडली, मधली गॅस्केट एका कडेनं फाटलेली. जुनीच. तुम्ही ती उजेडात धरून विचारलंत, "हे कुणी बसवलं?"

मीच.

तेव्हा तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो. तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात चहा ठेवायला सांग. त्याबद्दलचे आभार वेगळे मानतो, कारण माझ्या बाबांनी असतं तर मला जेवण गेलं नसतं.

चेंबर उघडाच होता म्हणून तुम्ही एक बिग-एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगची, कॅप पण काढायला लावलीत, "मनात शंका ठेवून झाकू नको". बेअरिंगमधली फट मोजायचा प्लास्टिगेजचा तो शेवयाएवढा धागा ठेवला, कॅप घट्ट केली, परत काढली, चपटा झालेला धागा कागदाच्या पट्टीशी लावून बघितला, 0.038 मिलीमीटर. एकदम हद्दीत. म्हणजे ज्या माणसाला मी फोनवर चोर ठरवलं त्याचं काम चोख होतं. तुम्ही म्हणालात आधी त्याच्याकडं जा मग गॅस्केट आण. गेलो. तो आधी बघेचना, मग मी सगळं सांगितल्यावर हसला आणि म्हणाला जुनी गॅस्केट सगळेच एकदा लावतात.

नवी गॅस्केट, जाळी साफ, सिलिकॉन यावेळी अगदी पातळ. प्लग काढून, इग्निशनचं कनेक्शन सोडून, नुसत्या सेल्फवर सुई उठेपर्यंत फिरवलं आणि मगच सुरू केलं. आता गरम इंजिन आयडलला 1.1, 3000 ला चार. व्हीटेक असा उघडतो की काय सांगू, तुम्हाला एकदा हायवेवर बसवून दाखवायचाय, नाही म्हणू नका.

पैशाचं विचारलं तर तुम्ही ते जास्तीचं काढलेलं पाऊण लिटर तेल मागितलंत, मळ्याच्या गेटच्या बिजागरीला. अहो नवीन तेल होतं ते, गेटपेक्षा चांगल्या कशाला तरी वापरा.

आणि तुमचं प्रेशर गेज अजून माझ्याकडंच राहिलंय, 12 चा पाना पण. रविवारी सकाळी घेऊन येतो. काकूंना सांगा चहा मी आल्यावर ठेवा, यावेळी दूध मी आणतोय.