मंडळीचा आवाज ऐकू येतो का?

संपादक महोदय,

चर्चमधील उपासनेत जुने किती ठेवावे आणि नवे किती आणावे, यावर आपल्या पत्रस्तंभात चाललेला वाद आम्ही वाचत आहोत. बहुतेक पत्रे ऑर्गन आणि गिटार यांच्याभोवतीच फिरतात. वाद्य कोणते, हा प्रश्न खूप नंतरचा. बाकांवर बसलेली मंडळी स्वतः गाते का, उत्तरे देते का, की समोर चाललेले नुसते पाहते, हे आधी तपासायला हवे.

सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात शास्त्रवाचन आहे, उपदेश आहे, सर्वांनी उभे राहून केलेली प्रार्थना आहे, भाकर व प्याला (प्रभुभोजन) आहे, गरजूंसाठी दान आहे आणि लोकांचे ‘आमेन’ आहे. वाद्याचा उल्लेख नाही. ग्रीक, रशियन अशा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी वाद्याविनाच गातात. तेव्हा ऑर्गन म्हणजे परंपरा आणि गिटार म्हणजे बंडखोरी, ही मांडणी टिकत नाही. टिकवायचा आहे तो जस्टिन यांनी सांगितलेला क्रम. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले आहे की, मंडळीच्या हिताला खरोखर गरज असेल तरच नवे आणावे आणि ते आधीच्या रूपातून वाढलेले असावे. त्याच दस्तऐवजाचा आग्रह लोकांच्या पूर्ण, जाणत्या आणि सक्रिय सहभागासाठी आहे. ही दोन वाक्ये एकत्रच वाचली पाहिजेत.

नवी गीते रुजत नाहीत तेव्हा दोष श्रद्धेला दिला जातो. तो बहुतेक वेळा पट्टीचा असतो. ध्वनिमुद्रणात मुख्य गायकाच्या उंच आवाजासाठी घेतलेली पट्टी जशीच्या तशी उचलली जाते. सर्वसाधारण मंडळी हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाते. पुरुष तेच एक सप्तक खाली. गीत याच्या वर जात असेल तर पट्टी उतरवा. उतरवल्यावर खालचे स्वर खालच्या पांढरी सहाच्याही खाली जाऊ लागले, तर ते गीत मंडळीचे नव्हे, गायकवृंदाचे समजावे. त्याला वाचनानंतर जागा द्यावी, लोकांनी ऐकावे. ऐकणे हीसुद्धा उपासनाच आहे. लयीचेही तसेच. मात्रेच्या जरा आधी किंवा नंतर शब्द टाकण्याची लकब एकट्या गायकाला शोभते, दोनशे जणांना एकदम साधत नाही. तिथे शब्द सरळ मात्रेवर आणा. कडव्यांमधले वाद्यसंगीत दर वेळी एकाच लांबीचे ठेवा. पुन्हा कधी सुरुवात करायची हे कळले नाही की लोक आधी पहिली ओळ सोडतात आणि मग गाणेच सोडतात.

नवे गीत महिन्याला एकच पुरे. पहिल्या रविवारी दान गोळा होत असताना ते नुसते वाद्यावर वाजवावे. दुसऱ्या रविवारी कडवी गायकवृंदाने गावीत, ध्रुपद सर्वांनी. पुढचे दोन रविवार सगळ्यांनी पूर्ण गावे, मग दोन आठवडे थांबून ते परत आणावे. त्या दिवशी शेवटच्या ध्रुपदाला वाद्ये थांबवा. आवाज डगमगला नाही तर गीत मंडळीचे झाले. नवे गीत उपासनेच्या अगदी आरंभी मात्र नको, तेव्हा अर्धे लोक अजून आत येत असतात.

ध्वनियंत्रणेचा मुद्दा पत्रांत कुठेच आला नाही, याचे आश्चर्य वाटते. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की माणूस गाणे थांबवतो. उंच छताच्या दगडी इमारतीत आवाज तीन-चार सेकंद घुमत राहतो. तिथे संथ गायन आणि ऑर्गन खुलतात, पण ड्रमचे ठोके एकमेकांत मिसळून शब्द गिळतात. अशा जागी आवाज वाढवल्याने शब्द आणखी अस्पष्ट होतात. समोर दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा बाकांजवळ कमी आवाजाचे अनेक लावावेत आणि ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश वापरावेत. उलट गालिचे आणि गाद्या घातलेल्या बुटक्या सभागृहात मंडळीचा आवाज विरून जातो आणि प्रत्येकाला आपण एकटेच गातो आहोत असे वाटते. तिथे आधी गालिचा काढून पाहा. वाद्य बदलायचा निर्णय त्यानंतर घ्या.

शब्द बदलताना याहून जास्त जपावे लागते. २०११ च्या आगमनकाळापासून (नाताळच्या आधीच्या आठवड्यांपासून) रोमन मिस्साचे, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीचे, नवे इंग्रजी भाषांतर अनेक देशांत वापरात आले. तोपर्यंत चाळीसएक वर्षे तोंडात बसलेले, धर्मगुरूच्या अभिवादनाला लोकांनी द्यायचे उत्तर एका रविवारी बदलले, आणि कित्येक महिने एकाच सभागृहात दोन उत्तरे ऐकू येत राहिली. प्रभूची प्रार्थना, मतांगीकार (विश्वासाची कबुली) आणि ठरलेली प्रतिसाद-वाक्ये न वाचता म्हणायची असतात. वाचता न येणारे मूल ती ऐकून शिकते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धालाही, घरच्यांची नावे विसरल्यावर, ती अनेकदा आठवतात. म्हणून ही वाक्ये सहसा बदलू नयेत. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थना मात्र दर आठवड्याला ताज्या लिहाव्यात.

पडद्यावर शब्द दाखवायचे तर एका वेळी चार ओळी पुरेत. ओळ श्वास घेण्याच्या जागी तोडावी आणि पुढचे पान शेवटचे दोन शब्द गाताना यावे, संपल्यावर नव्हे. पडद्यावर चाल दिसत नाही, म्हणून स्वरलिपीचे पुस्तकही हाताशी राहू द्या.

गीतांच्या विषयांकडेही पाहिले पाहिजे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. आजची बरीच निवड मात्र स्तुतीपाशीच थांबते, आणि शोकात असलेला माणूस त्या रविवारी गाऊ शकत नाही. ‘एक जुने, एक नवे’ असा हिस्सा वाटून हे सुटत नाही. पापांगीकार, वाचनाला प्रतिसाद, पाठवणी, त्या त्या क्षणाला काय म्हणायचे आहे ते आधी ठरवावे आणि मग गीत शोधावे. प्रत्येक रविवारची शास्त्रवाचने आधीच ठरवून देणारा तीन वर्षांचा वाचनक्रम पाळणाऱ्या मंडळ्यांना वाचने आधीच ठाऊक असतात. ती गायकवृंदाच्या हाती निदान महिनाभर आधी द्यावीत.

सकाळची पारंपरिक आणि नंतरची आधुनिक अशा दोन उपासना करण्याचा मार्ग आम्हाला धोक्याचा वाटतो, कारण आजोबा आणि नातू एकमेकांची गीते कधीच शिकत नाहीत. जागेअभावी ते करावेच लागले, तर वाचने, उपदेश, मतांगीकार आणि प्रभुभोजनाची प्रार्थना दोन्हींत एकच ठेवावी, आणि महिन्यातून एका रविवारी सर्वांनी एकत्र यावे.

कळावे,
उपासना-संगीताचे काम पाहणारे काही वाचक