'रिले म्हणजे सोपं' हे वाक्य काढ

प्रिय सुमन,

मसुदा वाचला. १९९७ च्या ब्रिटिश बायकांच्या उत्तर ध्रुव मोहिमेला तू दोनच ओळी दिल्यास, आणि वर 'रिले असल्याने तुलनेने सोपी' अशी पुस्ती जोडलीस. ही पुस्ती आधी काढ.

कॅरोलाइन हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने वीसजणी निवडल्या गेल्या आणि चौघींच्या पाच तुकड्या झाल्या. बहुतेकींनी ध्रुवीय बर्फ पाहिलंही नव्हतं. अडीच महिने घर आणि नोकरी सोडणं सगळ्यांना शक्य नव्हतं, म्हणून रिले: एक तुकडी आपला टप्पा चालून विमानाने परतायची आणि त्याच विमानाने आलेली पुढची तुकडी तिथून पुढे निघायची. कॅनडाच्या वॉर्ड हंट बेटावरून मार्चच्या मध्यात निघून २७ मे रोजी शेवटची तुकडी ध्रुवावर पोचली. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७७० किलोमीटर. बर्फाच्या दरडींना वळसे घालताना ते बरंच वाढतं.

मार्चमध्ये उणे चाळीसच्या आसपास थंडी असते. तिथे खरा शत्रू घाम. स्लेज ओढताना कपडे ओले झाले की थांबल्याबरोबर ते गोठतात. म्हणून घाम येणार नाही इतक्याच वेगाने चालायचं, आणि थांबलं की अंग गार पडायच्या आत पिसांचं जाकीट चढवायचं. रात्री श्वासाची आणि अंगाची वाफ स्लीपिंग बॅगमध्ये गोठते. सुकवायला जागा नसते, बॅग दिवसेंदिवस जड होत जाते. आत वाफ अडवणारं अस्तर घातलं तरच ती टिकते.

मेमध्ये थंडी उतरते, तेव्हा पाणी छळतं. बर्फ फाटून उघड्या पाण्याचे पट्टे होतात, त्यांना लीड म्हणतात. ताजं काळं बर्फ टाळायचं, राखाडी बर्फ काठीने ठोकून बघायचं. समुद्राच्या बर्फात मीठ असल्याने ते गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा कमजोर असतं. पायाखाली लवलं तरी लगेच मोडत नाही, आणि फसगत तिथेच होते. शिवाय पायाखालचा सगळा बर्फच वाहतो. वारा उलटा असला तर रात्रीच्या झोपेत दिवसभराची काही कमाई मागे जाते.

होकायंत्राचा तिथे उपयोग थोडा. चुंबकीय ध्रुव तेव्हा कॅनडाच्या बेटांमध्ये, म्हणजे चालणारीच्या पाठीमागे होता. स्थानिक सौर मध्यान्हीला सावली उत्तरेकडे पडते आणि दर तासाला पंधरा अंश सरकते. हातात घड्याळ असलं की तेवढ्यावर दिशा धरता येते. जीपीएसही होतं, पण त्याच्या बॅटऱ्या अंगाशी धरून गरम ठेवाव्या लागतात.

आता रिलेची अदलाबदल. माझ्या मते सगळी मोहीम याच जागी अडकू शकत होती. ट्विन ऑटर विमानाला साधारण चारशे मीटर सपाट आणि जाड बर्फ लागतं. पट्टी चालत जाऊन तपासायची, भेगा शोधायच्या, कडेला खुणेसाठी गडद पिशव्या ठेवायच्या. ढगाळ, सावली न पडणाऱ्या उजेडात वैमानिकाला उंचवटे दिसतच नाहीत. त्यामुळे वैमानिक अनेकदा आधी विमानाच्या स्की नुसत्या टेकवून पुन्हा वर उडतो आणि त्यांच्या चाकोरीत पाणी भरतंय का ते पाहतो. हवा बिघडली की वाट पाहायची, आणि तोवर खाणं-इंधन संपत असतंच. मग उतरतात त्या चौघी, कालपर्यंत उबेत असलेल्या. त्यांना तंबू, स्टोव्ह, दरडी, सगळं नव्याने शिकवायचं.

शिकवणाऱ्या दोघीच होत्या: मॅटी मॅकनेअर आणि डेनिस मार्टिन. या वाटाड्यांना रिले नव्हता. त्या पहिल्या दिवसापासून ध्रुवापर्यंत चालल्या, आणि वाटेत तुकडी चार वेळा नवी झाली. तुझ्या मसुद्यात त्यांचं नावच नाही. त्यांच्यापासूनच परिच्छेद सुरू कर.

आणखी एक. अमेरिकेची ध्रुवप्रवासी अ‍ॅन बॅन्क्रॉफ्ट १९८६ मध्ये ध्रुवावर पोचली ती पुरुषांबरोबर, कुत्र्यांच्या स्लेजसह. १९९७ ची तुकडी सगळी बायकांची. दोन्हींना एकाच वाक्यात 'पहिल्या' म्हणून बसवू नकोस, कोण कशात पहिली ते वेगळं लिही.

दुरुस्त मसुदा लवकर पाठव. छापायला देण्याआधी मला पुन्हा बघायचाय.

तुझी,
मीना