यवन म्हणजे कोण, ते आधी बघा

मा. संपादक साहेब,

आमची पुतणी सहावीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेत सामान्यज्ञानाची टेस्ट झाली, त्यात 'यवन म्हणजे कोण' असा प्रश्न होता. तिनं ग्रीक लिहिलं. त्यावर लाल पेनानं काट मारून वर 'मुसलमान' लिहून दिलंय. पोर त्या दिवशी जेवली नाही, म्हणून हे पत्र.

यवन हे नाव आयोनियन या ग्रीक जमातीचं. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस, इफेसस अशी त्यांची 12 शहरं होती, आयोन नावाचा कुणी मूळपुरुष होता अशी त्यांची कथा. नावाचं जुनं रूप इआवोनेस, पुढं ग्रीक भाषेतून त्यातला 'व' गेला, पण आपल्या यवनात तो अजून शाबूत आहे, मला तर हे वाचून अंगावर काटा आला. इराणी लोकांचा संबंध याच किनाऱ्याशी आला, ते 'यौन' म्हणायला लागले आणि एका जमातीचं नाव सगळ्या ग्रीकांना चिकटलं, ते स्वतःला हेलेन म्हणतात तरी. आपल्या बेळगावात खडेबाजारात बघा की, दुकानदार मेवाडचा असो नाहीतर जालोरचा, आपण सरसकट मारवाडीच म्हणतो, तसंच हे. यूनानी दवाखान्यातलं यूनानी पण त्यातलंच.

बखरींत मुसलमानांना यवन म्हटलंय हे खरं, पण तो अर्थ मागाहून आला. अशोकाच्या शिलालेखात अंतियोक हा 'योन' राजा आहे, म्हणजे ग्रीकच. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीनं शक, यवन, पल्हवांचा पाडाव केला असं कोरलंय, तेव्हा इस्लाम यायला जवळजवळ 500 वर्षं होती, मग ते यवन मुसलमान कसे असतील? आणि कार्ल्याच्या चैत्यात तर धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिलेत, बुद्धाच्या लेण्याला. शत्रू तेवढा यवन असं पोरांच्या डोक्यात घालायचं आणि हे दान करणारे यवन सांगायचेच नाहीत, हे बरोबर नाही हो.

तुमचा पेपर आमच्या भागात घरोघरी, शाळेशाळेत जातो, मुलांच्या पानावर एवढी माहिती छापा ही कळकळीची विनंती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला कार्ल्याला नेणार आहोत. ब्राह्मीतला य, व आणि न तिनं आत्ताच वहीत गिरवून ठेवलाय, खांबावर शोधायला.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव