फांदीवरची गाबोळी

व्हँकुव्हर,
१२ एप्रिल

प्रिय नंदा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बेला बेला नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस.

तुझ्या आईच्या हातची तळलेली गाबोळी आठवते? आपल्याकडे गाबोळी हवी तर मासा चिरावा लागतो. तिथले मूळ रहिवासी, हेल्टसुक लोक, मासा न मारता ती मिळवतात. वसंतात हेरिंग नावाचे मासे अंडी घालायला काठाशी येतात. तेव्हा हेमलॉक झाडाच्या फांद्या पाण्यात टांगून ठेवायच्या, नाहीतर केल्प नावाच्या समुद्री शेवाळाची लांब पानं. नरांच्या चिकाने सगळी खाडी दुधाळ होते गं! मग फांदी वर ओढली की पानापानावर अंड्यांचा थर. मासे जिवंत परत जातात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात. मी कच्चीच खाल्ली. दाताखाली कुरकुर वाजते.

मोठ्या बोटी मात्र गाबोळीसाठी मासाच मारतात. त्याआधी मासळीची कुटी आणि तेल यांसाठी इतका उपसा झाला, की १९६० चं दशक सरता सरता हेरिंग संपत आलं होतं.

मला सगळ्यात लागलं ते मोजणीचं. म्हातारी माणसं सांगायची, पूर्वी मासा याहून कितीतरी जास्त होता. सरकारी तक्ते सुरू होतात १९५१ पासून. त्याआधीचा भरलेला समुद्र त्यांत कुठून येणार? २०१४ साली संशोधकांनी अलास्का ते वॉशिंग्टनपर्यंतच्या १७१ जुन्या वस्त्यांमधली माशांची हाडं तपासली. जवळजवळ सगळीकडे हेरिंग! म्हातारे खरंच सांगत होते. आम्ही तक्ते वाचून शिकलो, त्यांना कुणी विचारलंच नाही, याची मला मनापासून लाज वाटली.

केल्पवरची गाबोळी विकायचा हेल्टसुकांचा हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केला. तरी २०१५ च्या मार्चमध्ये त्या मोठ्या बोटी आल्याच. हेल्टसुक मंडळी मत्स्यखात्याच्या कचेरीत ठाण मांडून बसली, बोटी माघारी जाईपर्यंत. आता मोजणीच्या होडीत त्यांची पोरं आणि जीवशास्त्रज्ञ शेजारी शेजारी बसतात. कुठल्या खाडीत आधी बघायचं, ते पोरं सांगतात.

नंदा, एक काम करशील? तुझे आबा इतकी वर्षं हर्णैला तांडेल होते. कुठल्या माशात कोणत्या महिन्यात गाबोळी सापडायची, कुठल्या खडपापाशी जाळं टाकायचे, सगळं विचारून वहीत लिही. त्यांच्याच शब्दांत लिही, सुधारू नकोस. नारळी पौर्णिमेला मी येतेच आहे, तेव्हा त्यांच्यापाशी बसून पुढचं लिहू.

तुझी,
शुभा