हा वाद नोटिशीआधी कुठे होता?

संपादक महोदय,

कुंडई औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहान कारखाना आहे. एका औषध कंपनीकडे माझे 1 कोटी 10 लाख रुपये अडकले आहेत. पूर्वी 1 लाखाच्या थकबाकीवरही थकवणाऱ्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज करता यायचा. 24 मार्च 2020 रोजी ती मर्यादा 1 कोटी झाली. आमच्या वसाहतीतले कितीतरी पुरवठादार तिथेच बाद. मी कसाबसा बसलो.

अर्जाआधी द्यावी लागणारी, थकलेले पैसे मागणारी या कायद्याच्या कलम 8 ची नोटीस पाठवली. 10 दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आले: खोकी दमट निघाली, पावसाळ्यात फाटली. एप्रिलमध्ये पोचलेला मालही म्हणे पावसाने खाल्ला! याच बिलांवरचे जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, मात्र कंपनीने बिनबोभाट घेतले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या मोबिलॉक्स निकालात स्पष्ट केले आहे की अर्ज फेटाळायचा तर वाद नोटिशीच्या आधीपासूनचा हवा आणि तो निव्वळ बनाव नसावा. वादात शेवटी कोण जिंकेल हे असे अर्ज ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने पाहायचे नाही. हे मला मान्य आहे. खरी तक्रार असेल तर दिवाणी न्यायालय आहेच, आणि या कायद्याचा धाक दाखवून वसुली करणारेही कमी नाहीत. पण एवढे तपासायला लागते काय? नोटिशीआधीचा एखादा ईमेल, डेबिट नोट, परत पाठवलेल्या मालाचे चलन. असेल तर दाखवा. अर्ज स्वीकारायचा की फेटाळायचा यासाठी कायद्यात 14 दिवस आहेत. प्रत्यक्षात उत्तर, प्रत्युत्तर, जादा प्रतिज्ञापत्र आणि मग वकीलसाहेबांना हवी असलेली तारीख.

मेख अशी की मालमत्ता विकायला मनाई करणारे मोरॅटोरियम अर्ज स्वीकारल्यावरच लागू होते. तोवर यंत्रे विका, घरच्यांची कर्जे फेडा, मोकळे रान. उद्या कंपनी अवसायनात गेलीच, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आलीच, तर कामगार, बँका आणि सरकार यांच्यामागे रांगेत उभे राहायचे आम्ही.

म्हणून पहिल्याच तारखेला नोटिशीआधीचा कागद मागावा. तो नसेल आणि तरीही मुदत हवी असेल, तर मालमत्ता न विकण्याची लेखी हमी घ्यावी. शिवाय गोव्याची अशी प्रकरणे न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतात. त्याची फिरती बैठक अधूनमधून पणजीत भरवण्याची मागणी आमच्या खासदारांनी केंद्राकडे करावी.

— एक लघुउद्योजक, फोंडा